नळी आत घातलीत, ती काढायची तारीखही कार्डावर लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की आपल्या आरोग्य पानावर मुतखड्याचा लेख येतो. पाणी भरपूर प्या, मीठ कमी करा, कळ आली तर दुखणं अंगावर काढू नका, असं त्यात असतं आणि ते बरोबरच आहे. पण खडा काढल्यावर पेशंटच्या पोटात जी नळी मागे ठेवतात, तिच्याबद्दल मराठी वर्तमानपत्रात चार ओळी आलेल्या माझ्या तरी पाहण्यात नाहीत. त्या नळीपायी माझ्या वडिलांची डावी किडनी कायमची कमजोर झाली, म्हणून हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर जरूर कापा, पण तारखेबद्दलची मागणी तेवढी ठेवा.

मी मूळची बार्शी तालुक्यातली. बी.फार्म. झाल्यावर पुण्याला आले आणि गेली नऊ वर्षं खराडीत मेडिकल कोडिंगचं काम करते. "कॉम्प्युटरवर दवाखान्याचं काहीतरी करते" असं आई गावात सांगते. काम असं आहे: अमेरिकेत डॉक्टरने पेशंटचं काय केलं ते विमा कंपनीकडे आकड्यांत पाठवावं लागतं. डॉक्टरने ऑपरेशनचं टिपण लिहिलं की ते आमच्या स्क्रीनवर येतं. आम्ही ते शब्दन् शब्द वाचायचं, आजार काय होता त्याचा कोड लावायचा आणि केलं काय त्याचा वेगळा कोड लावायचा. आजाराचे कोड आयसीडी-१० मधले. ही यादी मूळची जागतिक आरोग्य संघटनेची, अमेरिकेने ती आपल्या गरजेप्रमाणे वाढवून १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केली. केलेल्या कामाचे पाच आकडी कोड सीपीटीमधले, ते अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे. नऊपैकी सहा वर्षं मी युरॉलॉजीवरच आहे, म्हणजे किडनी, मूत्राशय, प्रोस्टेट. कामाच्या मजल्यावर जाताना मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, कागद-पेनसुद्धा आत नेता येत नाही, कारण पेशंटची माहिती बाहेर जाऊ नये असा तिकडचा कडक कायदा आहे. तेव्हा तिकडच्या एकाही पेशंटबद्दल मी इथे बोलणार नाही. कोडबद्दल बोलेन, ते छापील पुस्तकात असतात. आणि आप्पांबद्दल, म्हणजे माझ्या वडिलांबद्दल, बोलेन, त्यांना विचारून.

आधी नळी म्हणजे काय ते सांगते, कारण ऑपरेशन झालेल्या माणसालाही ते नीट माहीत नसतं. किडनीतली लघवी खाली पिशवीत, म्हणजे मूत्राशयात, आणणारी जी वाट आहे, मूत्रवाहिनी, ती साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि तीन-चार मिलिमीटर रुंद असते. तिच्यात खडा अडकला की वरची लघवी तुंबते, किडनी फुगते आणि ती जीव घेणारी कळ येते. तुंबलेल्या लघवीत जंतू झाले, थंडी वाजून ताप आला, तर खडा नंतर, आधी लघवीला वाट करून देणं महत्त्वाचं. तेव्हा डॉक्टर डीजे स्टेंट घालतात. खडा लेझरने फोडल्यावरही वाट सुजलेली असते, बारीक चुरा उतरायचा असतो, म्हणूनही काही दिवस तो ठेवतात. डीजे म्हणजे डबल जे. इंग्रजी जे अक्षराला खाली जसा हुकासारखा आकडा असतो, तसे आकडे या नळीच्या दोन्ही टोकांना असतात. पूर्वीच्या नळ्या सरळ असायच्या. १९६७ च्या सुमारास सिलिकॉनच्या नळ्या दुर्बिणीतून घालायला लागले, पण त्या जागेवर राहत नसत, कधी घसरून खाली येत तर कधी वर सरकत. १९७८ मध्ये रॉय फिनी या अमेरिकन डॉक्टरांनी दोन्ही टोकं वळवलेली नळी पुढे आणली आणि तो प्रश्न बराचसा मिटला.

घालायची रीत अशी. भूल देऊन लघवीच्या वाटेने दुर्बीण पिशवीत नेतात. पिशवीच्या तळाशी दोन्ही मूत्रवाहिन्यांची तोंडं दिसतात, डावीचं एक, उजवीचं एक. ज्या बाजूला अडथळा आहे त्या तोंडातून एक बारीक तार, गाईडवायर, एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत किडनीपर्यंत सरकवतात. मग त्या तारेवर नळी ओवतात आणि मागून दुसऱ्या नळीने ढकलत वर नेतात. आत तार आहे तोवर नळी सरळ राहते. तार ओढून घेतली की दोन्ही टोकं आपोआप वळतात, वरचं किडनीत आणि खालचं पिशवीत. बहुतेक मोठ्या माणसांना ६ फ्रेंच जाडीची नळी लागते. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजे ही नळी दोन मिलिमीटरची, शीतपेयाच्या स्ट्रॉपेक्षाही बारीक. बाहेरून काही दिसत नाही. टाका नाही, जखम नाही.

दुर्बिणीतून अशी नळी घालण्याचा सीपीटी कोड ५२३३२. मला तो माझ्या मोबाईल नंबरासारखा पाठ आहे. त्याच्या वर्णनात एक शब्द आहे, 'इनड्वेलिंग', म्हणजे आत राहणारी. हा शब्द आम्हा लोकांना फार महत्त्वाचा. कारण सर्जन कित्येकदा ऑपरेशनपुरती एखादी नळी घालतो आणि संपताना काढून घेतो. त्याला ५२३३२ लावला तर क्लेम परत येतो. म्हणून नवीन मुलं आमच्या टीममध्ये येतात तेव्हा मी त्यांना सांगते, सर्जनने काय काय केलं ते नंतर वाचा, पेशंट टेबलावरून उठला तेव्हा त्याच्या अंगात काय राहिलं होतं ते आधी शोधा. 'वरचं टोक किडनीत वळलेलं दिसलं, खालचं मूत्राशयात दिसलं' असं वाक्य सापडलं की कोड लागतो. मग बाजू: डावी असेल तर एलटी, उजवी असेल तर आरटी, दोन्हीकडे घातली तर ५०. लेझरने खडा फोडला आणि त्याच बाजूला नळीही ठेवली, तर २०१४ पासून दोन्ही मिळून ५२३५६ हा एकच कोड आहे. हे नवीन पोरं हमखास चुकतात, दोन कोड लावून मोकळी होतात.

आणि काढण्याचाही कोड आहे. साधेपणी निघाली तर ५२३१०, अवघड गेलं तर ५२३१५. नळी अंगात असलेला माणूस मधल्या काळात वेगळ्याच तक्रारीसाठी आला तरी 'याच्या मूत्रमार्गात वस्तू बसवलेली आहे' हे सांगणारा झेड ९६.० हा कोड लावता येतो. नळी सरकली, तुटली, तिच्यामुळे जंतुसंसर्ग झाला, यांना टी ८३ मध्ये एकेक स्वतंत्र कोड. टिपणात बाजू लिहिलेली नसेल तर आम्ही अंदाज करत नाही, डॉक्टरला क्वेरी पाठवतो आणि उत्तर येईपर्यंत तो चार्ट अडकून राहतो. जे लिहिलं नाही ते झालं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तिकडे नळ्या विसरत नाहीत असं मी म्हणत नाही. तिकडेही विसरतात, एरवी इतके कोड कशाला लागले असते. पण निदान कागदावर ती नळी सगळ्यांना दिसत असते.

आता आप्पांचं सांगते.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात रात्री दीडच्या सुमाराला भावाचा फोन आला. आप्पांच्या डाव्या कुशीत कळ, उलट्या, आणि दोन गोधड्या घालूनही थांबेना अशी थंडी. वय चौसष्ट. दिवसभर उन्हात ठिबकच्या नळ्या गोळा करत होते, पाणी प्यायला विहिरीपर्यंत जायचा कंटाळा केला होता. भावाने शेजारच्याची गाडी काढून त्यांना जवळच्या मोठ्या गावातल्या एका खासगी हॉस्पिटलात नेलं. सोनोग्राफीत डाव्या मूत्रवाहिनीत ११ मिलिमीटरचा खडा निघाला, वर किडनी फुगलेली. डॉक्टरांनी पहाटेच नळी घातली. तो निर्णय शंभर टक्के बरोबर होता आणि त्याने आप्पांचा जीव वाचला, हे मी आजही हात जोडून सांगते. ताप उतरल्यावर घरी सोडलं. जूनमध्ये परत बोलावून लेझरने खडा फोडला, जुनी नळी काढली आणि नवीन घातली. दोन दिवसांत डिस्चार्ज.

मी तेव्हा पुण्यात होते, महिनाअखेरचं टार्गेट होतं, सुट्टी मिळाली नाही. भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर बिलाचा फोटो पाठवला, मी पैसे पाठवले. "खडा निघाला ना?" मी विचारलं. "निघाला," तो म्हणाला. रोज पन्नास अनोळखी माणसांच्या टिपणांत 'आत काय राहिलं' ते शोधणारी मी, माझ्या वडिलांच्या बाबतीत मी तो प्रश्न विचारला नाही. हे लिहिताना माझा हात अडतो आहे, पण लिहायला हवं.

डिस्चार्ज कार्ड मी चौदा महिन्यांनी पाहिलं. त्यावर इंग्रजीत घाईघाईच्या अक्षरात एवढंच: 'लेफ्ट यूआरएसएल विथ डीजेएस डन. प्लेंटी ऑफ ओरल फ्लुइड्स. फॉलोअप एसओएस.' यूआरएसएल म्हणजे दुर्बीण घालून खडा फोडणं. डीजेएस म्हणजे डीजे स्टेंटिंग. आणि एसओएस म्हणजे गरज वाटली तर या. माझा भाऊ बारावी शिकलेला आहे, शेती उत्तम करतो, त्याने कार्ड तीनदा वाचलं असं तो म्हणतो. त्याला त्यातून काय कळणार होतं? सिस्टरने तोंडी "महिन्याने दाखवायला या" म्हटल्याचं आईला पुसटसं आठवतं. महिन्याने सोयाबीनची पेरणी होती. आप्पा चालत-फिरत होते. गरज वाटली नाही, कोणी गेलं नाही.

त्रास तर होता. लघवीला गेलं की डाव्या पाठीत कळ वर चढते, असं आप्पा म्हणायचे. ज्याच्या अंगात ही नळी आहे त्याची ही नेमकी तक्रार असते. लघवी पुन्हा वर किडनीकडे जाऊ नये म्हणून मूत्रवाहिनीच्या तोंडाशी जी नैसर्गिक अडकाठी असते, ती नळीमुळे उघडी राहते आणि जोर केला की लघवी उलटी वर चढते. शिवाय नळीचं खालचं टोक पिशवीच्या तळाला घासतं, म्हणून सारखी लघवीला लागते, कधी लालसर होते. नळी आहे हे माहीत असतं तर या तीन तक्रारींवरून कोणीही ओळखलं असतं. माहीत नव्हतं, म्हणून मेडिकलवाल्याकडून लघवी साफ होण्याचं औषध आणत राहिले. एक बाटली संपली की दुसरी.

आणि मुळात स्टेंट म्हटल्यावर तो काढायचा असतो हेच आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. पुढे मी आप्पांना विचारलं, "तुम्हाला स्टेंट टाकलाय असं डॉक्टर म्हणाले नव्हते का?" तर ते म्हणाले, "म्हणाले की. पण तुझ्या चुलत्याला आठ वर्षांमागं स्टेंट टाकला, तो कुठं काढला?" चुलत्यांना हृदयात स्टेंट आहे. तो धातूच्या जाळीचा, एकदा बसवला की जन्मभर. मूत्रवाहिनीतला असतो प्लास्टिकचा, आणि तो आठवड्यांच्या बोलीने घातलेला असतो. शब्द मात्र एकच. डॉक्टर दोन्हींना स्टेंट म्हणतात, घरी आलेला माणूसही स्टेंटच म्हणतो, आणि गावात हृदयाचा स्टेंट सगळ्यांना माहीत. आप्पांचा हिशोब चुकीचा होता असं मला म्हणवत नाही. त्यांच्याजवळ जेवढी माहिती होती तिच्यावरून तो सरळ होता.

गेल्या ऑगस्टमध्ये लघवीतून रक्त यायला लागलं, ताप आला, तेव्हा मी त्यांना पुण्याला आणलं. पोटाचा साधा एक्स-रे काढला. फिल्म उजेडाला धरली आणि मला काही विचारायची गरज उरली नाही. कण्याच्या डाव्या बाजूने पांढरी वळणदार रेघ वरून खालपर्यंत. अशा रेघा मी शिकताना पुस्तकात पाहिल्या आहेत. पण पुस्तकातल्या रेघेची दोन्ही टोकं नाजूक वळलेली असतात. आप्पांच्या फिल्मवर वळणं दिसतच नव्हती. वरच्या टोकाभोवती सुपारीएवढा पांढरा गोळा होता, खालच्या टोकाभोवती त्याहून मोठा, लिंबाएवढा. खडा काढायला घातलेल्या नळीवरच दोन खडे धरले होते.

असं का होतं तर लघवीतले क्षार आणि जंतू नळीच्या प्लास्टिकवर बसतात, थरावर थर चढतो, आणि ज्याला मुळात खडे होतात त्याच्यात लवकर चढतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काढलेल्या नळ्या तपासल्या होत्या. सहा आठवड्यांच्या आत काढलेल्यांपैकी ९.२ टक्के नळ्यांवर क्षार धरले होते, सहा ते बारा आठवड्यांत ४७.५ टक्क्यांवर, आणि त्यापुढे ७६.३ टक्क्यांवर. आप्पांची नळी आत चौदा महिने होती. वेळेत गेलो असतो तर ओपीडीत सुन्न करणारी जेली घालून, दुर्बिणीच्या चिमट्याने खालचं टोक धरून, पाच-दहा मिनिटांत ओढून घेतली असती आणि आप्पा संध्याकाळच्या एसटीने घरी पोहोचले असते. त्याऐवजी दोन वेळा भूल द्यावी लागली. पहिल्या वेळी खालचा खडा लेझरने फोडला. दुसऱ्या वेळी पाठीतून भोक पाडून किडनीतला फोडला आणि नळी दोन तुकड्यांत निघाली. नऊ दिवस हॉस्पिटल. खर्च पहिल्या सगळ्याच्या चौपट. नंतरच्या स्कॅनमध्ये डावी किडनी ३१ टक्के काम करते असं आलं, उजवी ६९.

मी पहिल्या हॉस्पिटलात जाऊन इनडोअर केसपेपर मागितले. डॉक्टरांच्या वर्तणुकीबद्दल मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम आहेत. त्यांप्रमाणे दाखल पेशंटचे कागद तीन वर्षं जपायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. हे वाचकांनीही लक्षात ठेवावं. कागद मिळाले, वाद झाला नाही. त्यात ऑपरेशनचं टिपण व्यवस्थित होतं: बाजू, नळीची जाडी, लांबी २६ सेंटिमीटर, दोन्ही टोकं जागेवर. मी कोडिंग करत असते तर एकही क्वेरी न पाठवता ५२३५६-एलटी लावला असता. आणि त्याखाली, नळीच्या पाकिटावर येतं ते बॅच नंबरचं स्टिकर नीट चिकटवलेलं. म्हणजे सगळं लिहिलेलं होतं. पण ते हॉस्पिटलच्या फायलीत, कपाटात. ज्याच्या पोटात नळी होती त्याच्या हातातल्या कार्डावर फक्त तीन इंग्रजी अक्षरं.

हृदयाच्या स्टेंटचे भाव फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने बांधून दिले, तेव्हा स्टेंटची किंमत, ब्रँड, कंपनी, बॅच नंबर हे सगळं पेशंटच्या बिलावर वेगळं दाखवायचं बंधन हॉस्पिटलांवर घातलं. जो स्टेंट कधी काढायचाच नसतो त्याची एवढी नोंद पेशंटला मिळते. मग जो काढलाच पाहिजे त्याची का मिळू नये?

म्हणून मागणी अशी. ज्या पेशंटच्या मूत्रवाहिनीत नळी ठेवली आहे, त्याच्या डिस्चार्ज कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहावं: 'तुमच्या डाव्या (किंवा उजव्या) बाजूला आत नळी ठेवली आहे. ती अमुक तारखेला घातली. अमुक तारखेच्या आत काढलीच पाहिजे. ही नळी कायमची नाही.' खाली फोन नंबर. पाकिटावरचं एक स्टिकर कार्डावरही लावावं. यासाठी एक रबरी शिक्का पुरतो, शंभर-दीडशे रुपयांचा. आणि 'एसओएस' हा शब्द अशा कार्डावर येताच कामा नये. नळी काढण्याची गरज पेशंटला वाटण्यावर सोडायची गोष्ट नाही.

दुसरं, हॉस्पिटलने नळ्यांची वही ठेवावी. घातली ती तारीख एका रकान्यात, काढली ती दुसऱ्या रकान्यात. दर सोमवारी कोणीतरी ती वही उघडायची आणि दुसरा रकाना रिकामा दिसेल त्याला फोन लावायचा. काही युरॉलॉजिस्ट हे करतात, मेसेजही पाठवतात. पुण्यातल्या डॉक्टरांनी आप्पांची तारीख माझ्यासमोर वहीत लिहून घेतली. पण हे ज्याच्या त्याच्या शिस्तीवर चालू आहे.

तिसरं माझ्या कामातून सुचलेलं आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून किंवा आयुष्मान भारतमधून जी ऑपरेशनं होतात त्यांची पॅकेजच्या कोडने संगणकावर नोंद होते. अशा नोंदींतून 'घातल्याचा कोड आहे, तीन महिने झाले, काढल्याचा कोड नाही' अशा पेशंटची यादी काढणं हे आमच्या ऑफिसातलं नवीन पोरगंसुद्धा अर्ध्या दिवसात करेल. ती यादी त्या त्या तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे गेली तर आशाताई घरी जाऊन विचारू शकतात. रोख पैसे भरून ऑपरेशन केलेले आप्पांसारखे लोक या यादीत येणार नाहीत, हे खरं. तरी जेवढे सापडतील तेवढे सापडू देत.

आशाताई मी मुद्दाम म्हटलं. आमच्याकडून आणि बीड जिल्ह्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं जातात ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. फडावर असताना कळ उठली तर ऑपरेशन कारखान्याच्या गावात होतं. टोळी पुढे सरकते, फायलीची पिशवी खोपटात भिजते किंवा हरवते, सिमकार्ड बदलतं. त्या माणसाला हॉस्पिटलने फोन लावला तरी तो लागणार नाही. त्याच्याकडे एकच कागद उरला तर त्या कागदावर त्याला वाचता येईल अशी तारीख हवी, आणि वाचता येत नसेल तर मुलाला वाचून दाखवता यावी.

डॉक्टर म्हणतात, आम्ही सांगतो, लोकच येत नाहीत. हे अगदी खोटं आहे असं मी म्हणत नाही, कारण आम्हीही गेलो नव्हतो. पण भुलीतून नुकत्या उठलेल्या माणसाला आणि बिलाच्या काळजीत असलेल्या त्याच्या मुलाला तोंडी सांगितलेलं किती राहणार? माझ्या कामात तोंडी सांगितलेलं धरत नाहीत.

वाचकांनाही एक विनंती. घरात कोणाचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं असेल, कितीही जुनं, तर आज फाईल काढा. त्यात 'डीजे', 'डीजेएस', 'जेजे', 'स्टेंट' किंवा 'स्टेंट इन सिटू' असं काही दिसतं का बघा. दिसलं, आणि नंतर नळी काढल्याचं कोणाला नक्की आठवत नसेल, तर पोटाचा एक साधा एक्स-रे काढून घ्या. त्यावर ही नळी दिसते. मूत्रवाहिनी कॅन्सरमुळे किंवा दुसऱ्या कशामुळे दबली असेल, तर काहींना नळी जास्त दिवस ठेवावी लागते आणि ठरावीक महिन्यांनी बदलावी लागते. त्यांनी घाबरून जाऊ नये, पण बदलायची तारीख माहीत करून घ्यावी.

पाठीतून केलेल्या त्या दुसऱ्या ऑपरेशननंतर आप्पांना तीन आठवड्यांसाठी पुन्हा नवीन नळी घातली होती. ती काढायला सप्टेंबरात मी त्यांच्यासोबत गेले. रजा आधीच टाकून ठेवली होती. सात मिनिटं लागली. मी विनंती केल्यावर सिस्टरने ट्रेमधली नळी दाखवली. निळसर, ओली, हातभर नाही अशी, दोन्ही टोकं वळलेली आणि स्वच्छ. मी ती टोकं दोनदा पाहिली. आप्पांनी खिशातून कार्ड काढलं, 'काढायची तारीख' या ओळीवर बोट ठेवलं आणि सिस्टरला म्हणाले, "बाई, हितं काढली म्हणून लिवा, आणि सही करा."

आपली,
एक मेडिकल कोडर
(मूळ बार्शी तालुका, सध्या खराडी, पुणे)

ता. क. नाव छापू नये ही विनंती.